भरलेला पाय

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमच्या नातीच्या पायाचा फोटो मीच काढला. फोटो म्हणजे एक्सरे. लातुरात अजून सगळे फोटोच म्हणतात, आणि आमच्या हाडांच्या दवाखान्यात काही बायका गुडघ्याच्या फोटोलासुद्धा केस नीट करून, पदर सारखा करून टेबलावर बसतात. तुम्ही गेलात तेव्हा मी हे काम शिकायला नुकतीच लागले होते, त्यामुळे मला मशीनपाशी उभं राहिलेलं तुम्ही कधी पाहिलं नाही. नात तर पाहिलीच नाही. ती आता नववीत आहे. पळते चांगली, बोलते त्याहून चांगली. उन्हाळ्यापासून तिचा डावा पाय सारखा मुरगळायला लागला. मोठ्या खड्ड्यात नव्हे, चिंचोक्याएवढ्या खड्यावरून पाय कलायचा आणि बाईसाहेब खाली. संध्याकाळी घोट्याच्या जरा पुढे बोट ठेवून म्हणायची, इथं आत दुखतंय. आणि मी, रोज लोकांचे पाय बघणारी, काय केलं असेल सांगा? माळ्यावरून सरबताची काचेची बाटली काढली, धुतली, पुसली, जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "फिरव. मन लावून फिरव." ती माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मी, जिथं दुखायलंय तिथंच दाबायलीस व्हय?" मी बाटली उचलली. तोंडातून निघालं ते माझं बोलणं नव्हतं, तुमचं होतं, आणि इतक्या वर्षांनी ते इतकं सहज कसं निघालं याचं मला रात्रभर नवल वाटत राहिलं.

नांदेडच्या आपल्या दोन खोल्या आठवतात का? तुम्हाला काय विचारायचं म्हणा. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती, आईनं घासून घासून गुळगुळीत केलेली. तुम्ही ड्युटीवरून येता, कंडक्टरची कातडी पिशवी फळीवर ठेवता, खाकी शर्ट खुंटीला अडकवता, चहा घेता आणि मला हाक मारता. मी न्हाणीत दोन्ही पाय ओले करून येते आणि फरशीवर उभी राहते. "हं, नीघ." मी बाजूला होते. तुम्ही गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर नेऊन, माझ्या ओल्या पावलाकडे बघता. चांगलं पाऊल कसं उमटतं ते तुम्ही शेजारच्या मैत्रिणीला उभं करून मला दाखवलं होतं. टाच, चवडा आणि मधे बाहेरच्या कडेनं नुसती एक पट्टी, आतली बाजू कोरडी. माझं पाऊल मात्र भाकरीसारखं, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओलं. तुम्ही त्याला भरलेला पाय म्हणायचे. घर भरलेलं चांगलं, ओटी भरलेली चांगली, शेंग भरलेली चांगली, पाय तेवढा भरलेला वाईट. मग बाटली. चहापासून जेवणापर्यंत मी खुर्चीवर बसून तळपायाखाली बाटली फिरवायची आणि तुम्ही समोर पाटावर बसून बघत राहायचे. मधूनच उठून अंगठ्यानं पायाची आतली बाजू वर उचलायला बघायचे. ते दुखायचं, अण्णा. आत काहीतरी अडलेलं असायचं, ते हलायचंच नाही. "अंग चोरतेस तू," तुम्ही म्हणायचे, "ढिला सोड की पाय." आई स्टोव्हपुढून म्हणायची, "लेकराचा पाय हाय तो, कणीक न्हाई." त्यावर तुमचं एकच उत्तर, "पोलीस व्हायचंय तिला." मला व्हायचं होतं की तुम्हाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मलाही व्हायचं होतं.

सुट्टीत तुम्ही मला तुमच्या नांदेड-लातूर गाडीत सोबत न्यायचे. लोह्याच्या पुढचा रस्ता तेव्हा असा होता की पोटातलं पाणी हलायचं, आणि अहमदपूरला गाडी भरली की तुम्ही लातूरपर्यंत उभेच. दुसरे कंडक्टर मधल्या वाटेत पाय फाकवून उभे राहायचे, गाडी डुलली की तेही डुलायचे. तुम्ही कधी तसे उभे राहिला नाहीत. एका बाजूनं नडगी सीटच्या दांड्याला टेकवायची, पाठ मागच्या सीटला लावायची, जागच्या जागी स्वतःला घट्ट अडकवून घ्यायचं आणि मगच तिकिटं फाडायची. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "मास्तर, त्यापरीस माझ्या मांडीवरच बस की बाबा." सगळी गाडी हसली. तुम्हीही हसलात, पण नडगी काही दांड्यावरून काढली नाहीत. लातूरच्या स्टँडवर तुम्ही बाकड्यावर बसून बूट काढायचे आणि आतून सायकलच्या ट्यूबचा घडी घातलेला तुकडा बाहेर यायचा. मी विचारलं तर म्हणालात, बूट मोठे मिळालेत. मला ते पटलं. त्या वयात बापाचं काय पटत नाही?

पुढे पोलीस भरतीत मी मैदानात निघाले, लेखीत निघाले, राहिलं मेडिकल. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला पाठमोरी उभी केली, टाचा बघितल्या आणि म्हणाल्या, चवड्यावर उभी राहा. राहिले. म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा राहिले. ज्यांचा पाय नुसता सैल असतो त्यांची कमान चवड्यावर चढलं की आपोआप वर येते, हे मला फार नंतर कळलं. माझी काही आली नाही. बाईंनी आवाज न चढवता सपाट पाय म्हणून लिहिलं आणि पुढच्या पोरीला बोलावलं. तुम्ही बाहेर कंपाउंडला टेकून उभे होता, हातात केळी. माझं तोंड बघून केळी पिशवीत घातलीत. दारात चपला काढताना तेवढं म्हणालात, "तू मन लावून फिरवली न्हाईस बाटली." ओरडून नाही, चिडून नाही, गाडी चुकली म्हणावं तसं. त्यानंतर वर्षभरातच तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. ते वाक्य मात्र घेऊन गेला नाहीत, ते माझ्याकडेच राहिलं.

आता गंमत ऐका. हाडांचे फोटो काढायची नोकरी लागली, मुरुडपासून उदगीरपर्यंतचे पाय माझ्या टेबलावर येऊन गेले, ट्रॅक्टरवरून पडलेले, न्हाणीत घसरलेले, नव्या बुटांनी सोललेले. पण स्वतःच्या पायाचा फोटो मी कधी काढला नाही. सोबतच्या बाया विचारायच्या, तुझा पाय असा ताठ कामून गं? मी म्हणायचे, जन्माचाच आहे. काढायला काय लागतं? पाय ठेवायचा, बटण दाबायचं. पण भीती वाटायची. हाडं चांगली निघाली तर? सगळी आपापल्या जागी, एकमेकांपासून सुटी, आणि तरीही पाय सपाट, तर मग तुम्हीच खरे. मग मी खरंच अंग चोरलं, खरंच मन लावलं नाही, आणि वर्दी माझ्या आळसानं गेली. ताठ पायाची कारणं मला पाठ होती, पण दुसऱ्याच्या पायाला लावायचं ते मला माझ्या पायाला लावता येत नव्हतं. म्हणून मी तो विषयच काढला नाही. संसारात दिवस जायला कारणं पुष्कळ असतात.

तर गेल्या आठवड्यात पोरीला टेबलावर घेतली. आधी वरून फोटो, मग बाजूनं, मग तिरका. तिरक्याला गुडघा आत पाडायचा, म्हणजे पायाची बाहेरची कड उचलली जाते आणि मधली हाडं एकमेकांच्या आडून बाहेर येतात. पायात हाडं पुष्कळ, पण आपली ओळख बोटांशी आणि टाचेशी, मधली सगळी लाजाळू. नडगीकडून दोन हाडं खाली येतात आणि एका हाडाला दोन्ही बाजूंनी धरतात, तो घोटा. त्या धरलेल्या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नसतो, सगळे त्याच्या कडेकडेनं निघून जातात. ते वरचं वजन घेतं आणि खाली वाटून देतं, बस. मला ते हाड आवडतं. तुमच्यासारखं आहे, कुणाला काही सांगत नाही. त्याच्याखाली टाचेचं हाड, आणि पुढे होडीच्या आकाराचं एक लहान हाड. घोटा पाय वरखाली करतो. पण ढेकळांतून चालताना, डुलत्या गाडीत उभं राहताना पाऊल आतबाहेर कलतं ते घोट्यात नाही, त्याच्या खालच्या या सांध्यांमध्ये. टाचेचं हाड आणि होडीचं हाड यांच्यात थोडी मोकळी जागा लागते. चांगल्या पायाच्या तिरक्या फोटोत ती काळी फट दिसते. पोरीच्या फोटोत फट नव्हती. टाचेच्या हाडाचं टोक लांब होऊन होडीच्या हाडाला जाऊन भिडलं होतं, मधे केसाएवढी धूसर रेघ तेवढी उरली होती.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी सर म्हणते. त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि पोरीलाच समजावलं, "बाळा, हे तू पोटात असतानाच झालंय. ही दोन हाडं सुटी व्हायची ती झाली नाहीत. लहानपणी तो जोड मऊ असतो, काही कळत नाही. तुझ्या वयात तो कडक होतो, मग पाय कलत नाही, मुरगळतो, दुखतो. तुझी काही चूक नाही." शेवटचं वाक्य ते सगळ्याच पोरांना म्हणतात, मी कितीदा ऐकलंय. त्या दिवशी ते मला वेगळंच ऐकू आलं. मग सरांनी माझ्या सँडलकडे बघितलं. "तुमचा पाय कसा आहे?" "भरलेला," मी म्हणून गेले. त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, सपाट, लहानपणापासून ताठ. "मग काढा की तुमचाही. हे बऱ्याचदा घरातून येतं."

मी टेबलावर चढले. जोडीची टेक्निशियन बटणापाशी गेली. मी गुडघा आत पाडला आणि रोज लोकांना सांगते तेच स्वतःला सांगितलं, हलू नका. पोरगी काचेपलीकडून दात काढत होती, आईला टेबलावर बघून तिला मजा वाटत होती. स्क्रीनवर आधी उजवा आला, मग डावा. दोन्हीत फट नव्हती. पोरीच्या पायात होती ती धूसर रेघसुद्धा नव्हती, हाडाला हाड सलग, एकच असल्यासारखं. मी रडले, अण्णा. पोरगी घाबरून आत आली, तिला वाटलं काहीतरी मोठं निघालं. तिला काय सांगू? तिच्या पायात दुखणं निघालं आणि आईला हलकं वाटतंय? पण वाटलं. अंगावरून पोतं उतरवल्यासारखं वाटलं. त्या हाडांमध्ये जागाच नव्हती. बाटली कसली, तुमची अख्खी गाडी माझ्या पायावरून फिरवली असती तरी कमान आली नसती.

सर म्हणाले, पोरीचं वय बरं आहे. मधला जोड काढू, पुन्हा चिकटू नये म्हणून तिथं थोडी चरबी भरू, काही महिन्यांत पळेल. मी विचारलं, आणि माझं? "तुमचं आता राहू द्या. बुटात आतल्या बाजूनं जरा उंच होईल असा आधार घाला, मऊ रबराचा. आणि उभं राहायचं असेल तेव्हा टेकून राहा." हे ऐकलं आणि मला तुमची ट्यूब दिसली. सीटच्या दांड्याला टेकवलेली नडगी दिसली. सर पुढे विचारत होते, आईकडून आलं की वडलांकडून. मला सांगता येईना. तुमचा पाय मी हजारदा पाहिला असेल, पण बापाचा पाय बघतं कोण? पाया पडतानासुद्धा बोटांना हात लावला की आपण मोकळे. फोटो आहेत त्यात तुम्ही गळ्यापर्यंत, नाहीतर बूट घातलेले. मग गावातली ती पायरी आठवली.

रविवारी पोरीला घेऊन जळकोटकडच्या आपल्या गावी गेले. विहाराच्या मागच्या पायरीचा कोबा ओला असताना तुम्ही कुणाला तरी हाका मारत अनवाणी त्यावर चढलात, ही गोष्ट गावात अजून सांगतात. गवंडी म्हणे इतका चिडला की त्यानं थापी खाली ठेवली आणि म्हणाला, राहू द्या आता तसंच, लोकांना दिसू द्या कुणी केलं ते. तुमच्या धाकट्या भावानं, काकांनी, आम्हाला पायरी दाखवली. आत वंदना करून आम्ही मागे गेलो. पावलाच्या ठशात धूळ आणि वाळका पाला भरला होता. मी तो हातानं काढला आणि पोरीला म्हणाले, तुझ्या बाटलीतलं पाणी ओत. चांगल्या पायाच्या ठशात आतल्या बाजूनं उंचवटा राहतो, तिथं पाणी चढत नाही, कोरडा भाग उरतो. तुमच्या ठशात पाणी टाचेपासून बोटांपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं पसरलं आणि थांबलं. पोरगी वाकून बघत होती. "मम्मी, भरलेला पाय," ती म्हणाली. मी तिला हा शब्द कधी शिकवला होता कुणास ठाऊक.

काका पायरीवर उकिडवे बसले. "ह्या पायापायीच त्याला पोलिसात घेतलं न्हाई," ते म्हणाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अण्णा भरतीला गेले होते?" "गेल्ता की, नांदेडला. घरी येऊन म्हणाला, उंचीत बसलो न्हाई. आन् त्याच्यापरीस बुटकी पोरं वर्दी घालून फिरायलेली. आम्ही काय येडे हाव? पण मोठ्या भावाला कोण बोलणार. लई दिवसांनी मला एकट्याला सांगितलं, वर म्हणाला, कुणाला बोलू नको." मी बाटलीचं विचारलं. "तिथंच कुणीतरी म्हणलं म्हणं त्याला, लहानपणी बाटली फिरविली असती तर कमान आली असती. ते बसलं त्याच्या डोक्यात. आमच्या बापाला कुठलं असलं म्हाईत, माय. तुझा पाय बघितला आन् म्हणाला, हिला वेळेत फिरवाय लावतो."

गावाहून येताना मी चिडले होते आणि अजून चिडलेलीच आहे. तुम्ही मला सांगायला हवं होतं. एकदा बूट काढून फरशीवर पाय ठेवला असता, म्हणाला असतात, बाई, माझाही असाच आहे, तर काय झालं असतं? आपण दोघांनी मिळून बाटली फिरवली असती, कमान आली नसती तरी तोंडं एकमेकांकडे राहिली असती. मी पंचविशी, पस्तिशी, सगळी तुमच्या त्या एका वाक्याच्या धाकात काढली. जिना चढून घोटा दुखला की मनात यायचं, भोग आता, तेव्हा आळस केलास. आणि तुमचं मला आता थोडं कळतंय, कळू नये असं वाटत असताना कळतंय. तुमच्या वेळी कुणी बाटली दिली नाही म्हणून वर्दी गेली, असं धरून तुम्ही जगलात. मग मला दिलीत, वेळेत दिलीत, समोर बसून दिलीत. तरी कमान आली नाही. आता एकतर बाटली खोटी, नाहीतर पोरगी आळशी. बाटली खोटी म्हटलं असतं तर तुमच्या पायाला उपायच नव्हता असं झालं असतं, आणि ते तुम्हाला सोसलं नसतं. म्हणून मी आळशी ठरले. असंच झालं असेल ना? तुम्ही काही सांगणार नाही, आणि मीही तुम्हाला माफ करायला बसलेले नाही.

पोरीचं ऑपरेशन वार्षिक परीक्षा झाल्यावर ठरलं आहे. मी तिला गमतीनं विचारलं, पाय बरा झाल्यावर पोलीस होतेस का, तर म्हणाली, मला काही व्हायचं न्हाई, मला नुसतं पळायचंय. माझ्यासाठी बूटही आणलेत, आतून रबराचा आधार लावलेले, महागडे. बरं वाटतं त्यात. तुमच्या ट्यूबपेक्षा मऊ असेल, एवढंच.

हे पत्र कुठं टपालात टाकायचं नाही ते बरं, म्हणून एक सांगून टाकते. वर मी लिहिलं की बाटली माळ्यावरून काढली. ते खरं नाही. ती माळ्यावर कधी नव्हतीच, माझ्या खुर्चीखाली असते, लग्न होऊन आले तेव्हापासून. संध्याकाळी चहा झाला, घरात कुणी बघत नसलं की पायाखाली घेते. काल गावाहून आल्यावर, ते फोटो डोळ्यांपुढे असतानासुद्धा घेतली. हाड काय ते मला माहीत आहे, कमान येत नसते. पण बाटली फिरायला लागली की तुम्ही समोर पाटावर येऊन बसता. मन लावून फिरवते, अण्णा. तेव्हाही मन लावूनच फिरवली होती.